ठिणग्या मोजणारा काटा

टॅकोमीटर, किंवा गॅरेजच्या भाषेत आरपीएम मीटर, इंजिनाचे फेरे मोजतो असा सार्वत्रिक समज आहे. मोटारींसाठी बाजारात सुटा मिळणारा विजेवरचा मीटर तसे काहीही करीत नाही. तो ठिणग्या मोजतो. इग्निशन कॉइलच्या ऋण टोकावरून एक वायर त्याच्यापर्यंत आणलेली असते. तिच्यातून मिनिटाला किती झटके आले एवढेच त्याला कळते. त्यावरून फेऱ्यांचा आकडा दाखवायचा, तर हे इंजिन किती सिलिंडरांचे आणि किती स्ट्रोकचे आहे हे कोणीतरी त्याला आधीच सांगून ठेवावे लागते. माझ्या पॉइंटच्या, बारा व्होल्टच्या जुन्या बुलेटवर असा मोटारीचा मीटर बसवताना या आधीच सांगून ठेवलेल्या गोष्टीशी माझी चांगली ओळख झाली.

बुलेटवाल्याला आरपीएम मीटर कशाला हवा, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. या गाडीचा ठेका कानाला इतका स्पष्ट असतो की गिअर केव्हा बदलावा हे कोणी डोळ्यांनी ठरवत नाही. पण गेली काही वर्षे माझे कान त्या कामातून हळूहळू निवृत्त होत आहेत. ओटोस्क्लेरोसिस असे त्या विकाराचे नाव. कानाच्या मध्यभागी रिकिबीच्या आकाराचे एक हाडूक असते, ते जागच्या जागी घट्ट होत जाते आणि बहुधा खालचे, खर्जाचे आवाज आधी जातात. बुलेट खर्जात बोलते. वर्गात छंदशास्त्र शिकवताना मुले भुजंगप्रयात म्हणू लागली की मी आता त्यांच्या ओठांकडे आणि बाकावर ठेका धरणाऱ्या बोटांकडे पाहतो. गाडीला ओठ नाहीत. म्हणून काटा हवा होता.

शुद्धतावाद्यांचा आक्षेप वेगळा होता: बुलेटवर मोटारीचा मीटर म्हणजे भ्रष्टाचार. रॉबर्ट पर्सिगच्या १९७४ सालच्या पुस्तकात निवेदक आपल्या मित्राच्या बीएमडब्ल्यूचे सैल हँडल बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घालून घट्ट करू पाहतो आणि मित्राला तो आपल्या गाडीचा अपमान वाटतो. आमच्या तालुक्यात बिअरच्या डब्याच्या पत्र्याला कोणी नाक मुरडत नाही, पण बुलेटच्या बाबतीत त्या मित्राचे बरेच भाऊबंद निघाले. मी तो वाद घातला नाही.

आता गणित. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक मोटारीत प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते; म्हणजे एका फेऱ्याला दोन ठिणग्या. जुन्या बाजारात मिळालेल्या माझ्या मीटरच्या पाठीवर चार, सहा आणि आठ असा सिलिंडर निवडण्याचा खटका होता. एक हा आकडा त्या खटक्याच्या कल्पनेतच नव्हता. बुलेटचे एकच सिलिंडर आणि तिच्या पॉइंटचा कॅम इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरणारा. म्हणजे दोन फेऱ्यांना एक ठिणगी. खटका चारावर ठेवला तर मीटर एक चतुर्थांश आकडा दाखवणार हे उघड होते, आणि त्याने तसाच दाखवला. ९०० फेऱ्यांवर शांत उभी असलेली गाडी काट्याच्या मते २२५ वर होती. मोटारीचे इंजिन असते तर एव्हाना बंद पडायला हवे होते.

सगळ्याच मोटारसायकली अशा नाहीत. टू-स्ट्रोकचे एक सिलिंडर प्रत्येक फेऱ्याला ठिणगी देते. फ्लायव्हीलवरून इशारा घेणाऱ्या अनेक छोट्या फोर-स्ट्रोक गाड्याही प्रत्येक फेऱ्याला ठिणगी टाकतात. त्यांतली एक इंधन पेटवते आणि दुसरी धूर बाहेर जात असताना वाया जाते. मीटर मात्र दोन्ही सारख्याच इमानाने मोजतो. कामाची ठिणगी आणि वाया गेलेली ठिणगी यांतला भेद त्याला दिसत नाही. (विद्यापीठीय संशोधनाच्या मोजमापाविषयी इथे काही लिहिण्याचा मोह आवरतो.)

यावर सोपा उपाय सगळ्यांनी एकमुखाने सुचवला: चाराने गुणा. ज्यांचे डोके चालवताना गुणाकारात गुंतत नाही त्यांना हे जमेल. पण माझा आक्षेप श्रमाला नव्हता. आठ हजारांपर्यंत आखलेल्या तबकडीवर बुलेटचे सगळे आयुष्य तेराचौदाशेच्या आत, एका कोपऱ्यात उरकत होते. तिथे दोनशे फेऱ्यांचा फरक म्हणजे काट्याची पन्नासची हालचाल. चालत्या गाडीवर ती दिसतही नाही. गुणाकाराने आकडा बरोबर येतो, पण जे बारकावे मोजणीतच दिसेनासे झाले ते परत येत नाहीत. ओवीच्या मात्रा मोजून ती सदोष ठरवणारे आणि मग लोकरचना म्हणून तिला सूट देणारे जुन्या वळणाचे विवेचन मला इथे आठवले. सूट देणे हाही चाराने गुणण्याचाच प्रकार आहे. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त वृत्त आणि जाती यांच्याबरोबर छंद हा वेगळा वर्ग मानला, ओवी-अभंगांना त्यात जागा दिली, तेव्हा त्यांनी मापातच फेरफार केला. मलाही मीटरच्या आत हात घालायचा होता.

हात अर्थात माझा नव्हता, आमच्या गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा होता. मीटरच्या आत प्रत्येक झटक्याचे रूपांतर ठरावीक रुंदीच्या एका ठोक्यात होते आणि अशा ठोक्यांची सरासरी काट्याला ढकलते. ठोक्याची रुंदी एक रोधक आणि एक कपॅसिटर मिळून ठरवतात. झटके चौपटीने कमी, तर ठोका चौपट रुंद करायचा. म्हणजे रोधक सुमारे चौपट मूल्याचा घालायचा आणि बारीक फरकासाठी फिरवता येणारा प्रिसेट जोडायचा. “सर, एवढंच?” असे तो म्हणाला. एवढेच होते.

खरी काळजी वायरीची. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहत असतो. ते उघडताच प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते, दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते आणि त्याच क्षणी प्राथमिक वेटोळ्याच्या ऋण टोकावर दोन-तीनशे व्होल्टचा झटका उमटतो. मीटर ऐकतो तो हा झटका. तो घंटेच्या टोल्यासारखा घुमतो, आणि घुमण्यालाही मोजले तर एका ठिणगीच्या तीन होतात. त्यासाठी गाळणी लागते. सीडीआय इग्निशनवर तर कॉइलच्या टोकाशी जोडलेला असा मीटर जळूही शकतो. दुसरे, ही वायर कुठे हँडलपाशी घासून तिचे आवरण गेले आणि ती चेसिसला टेकली, तर कॉइलचे ऋण टोक कायमचे जमिनीला जोडले जाते. पॉइंट कधी उघडलेच नाहीत असा त्याचा अर्थ. ठिणगी बंद, गाडी बंद. मोजण्यासाठी लावलेली वायर मोजल्या जाणाऱ्या गोष्टीचा जीव घेऊ शकते. म्हणून दहा किलोओहमचा एक रोधक अगदी कॉइलजवळ, वायरीच्या उगमापाशीच बसवला. वायर टेकली तर मीटर मरेल, गाडी चालत राहील. मीटर मोटारीच्या डॅशबोर्डच्या आश्रयाला राहणारा, म्हणून पावसासाठी त्याच्या कडेला सिलिकॉन भरले आणि खाली रबर दिले, हे जाता जाता.

मापाची परीक्षा घराच्या विजेवर झाली. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि एक डायोड यांतून ती मीटरला दिली की मिनिटाला तीन हजार झटके मिळतात. मोटारीच्या हिशेबाने ते १,५०० फेरे, बुलेटच्या हिशेबाने ६,०००. प्रिसेट फिरवत काटा पहिल्या जागेवरून दुसऱ्या जागेवर आणला. वीज तीच, झटके तेवढेच, आणि काटा दीड हजारावरून सहा हजारांवर गेला. तबकडीवरचे आकडे इतक्या निर्विकारपणे आपला अर्थ बदलतात हे पाहून क्षणभर अस्वस्थ वाटले.

गाडीवर बसवल्यावर एक प्रश्न उरला. शांत उभ्या बुलेटमध्ये सेकंदाला साडेसात ठिणग्या पडतात. एवढ्या विरळ ठोक्यांची सरासरी नीट बसत नाही; प्रत्येक ठोक्याला काटा दचकतो. इलेक्ट्रिशियनला ते आवडले नाही. मोठा कपॅसिटर लावून काटा स्थिर करतो म्हणाला, आणि केलाही. मग काटा थोरामोठ्यांसारखा गंभीर झाला. थ्रॉटल पिळल्यावर विचार करून वर जाऊ लागला. मी तो कपॅसिटर काढायला लावला. दोन हजारांच्या पुढे गाडी गेली की काटा आपोआप स्थिरावतो, मला हवा तेव्हा हवा तो आकडा मिळतो. सिग्नलला उभे राहिलो की तो पुन्हा ९०० च्या आसपास थरथरू लागतो, दर ठिणगीला एकदा, आणि मी हिरवा दिवा लागेपर्यंत त्याच्याकडे पाहत असतो.