लगेच पैसे परत केले

‘तक्रार केल्याबरोबर लगेच सगळे पैसे परत केले. यावरून काय ते समजून घ्या.’

आमच्या आंब्यांबद्दल एका ग्राहकबाईंनी लिहिलेला हा अभिप्राय. सोबत तारा एक. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, बाईंनी कौतुक केलंय आणि तारे देताना बोट चुकलंय. मग ‘यावरून काय ते’ पुन्हा वाचलं आणि कानशिलं तापली. त्याला आता वर्ष उलटून गेलं, तरी तापतात.

आमची बाग रत्नागिरीच्या दक्षिणेला, पावसच्या अलीकडे. निम्मी कलमं आजेसासऱ्यांनी लावलेली, निम्मी सासऱ्यांनी. पेट्या वाशीला जायच्या, दलालाची पट्टी यायची, पट्टीत तो लावील तो भाव. २०२० च्या टाळेबंदीत आंबा तयार आणि वाशीचा बाजार आज चालू तर उद्या बंद, तेव्हा कोकणातल्या अनेकांनी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना थेट आंबा पाठवला, तसा आम्हीही पाठवला. आधी फोनवर ऑर्डरी, यूपीआयने पैसे, मग एक छोटी वेबसाइट. नवऱ्याची नोकरी, सासरे म्हणजे अप्पा बागेत, म्हणून गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे आलं. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

त्या बाईंची ऑर्डर दोन डझनांची होती, मे महिन्यातली. आंबे वेळेवर पोचले, पिकलेही. मग एका रात्री साडेदहाला फोटो आला. कापलेला आंबा, कोयीलगत पांढुरका, भुसभुशीत गर. साका. दुसऱ्यांदा बघायचीही गरज नव्हती.

ज्यांनी साका पाहिला नाही त्यांना हे सांगावंच लागेल, कारण सगळं भांडण त्याच्याभोवती आहे. साका म्हणजे कीड नाही की बुरशी नाही. वरून फळ देखणं, रंग धरलेला, वास घरभर, आणि कापलं की आत आंबूस पांढरा भाग. फळ झाडावर जास्त दिवस राहिलं, खालचा कातळ तापला, काढलेला आंबा उन्हात पडून राहिला, की साक्याचं प्रमाण वाढतं. म्हणून आंबा चौदा आणे तयार झाला की काढायचा, झेल्याने काढायचा, लगेच सावलीत न्यायचा. हे सगळं करूनही थोडा निघतोच. क्ष-किरणांखाली तो दिसतो, पण आमच्या पडवीत, जिथे पेंढा आणि खोक्यांतून चालायला जागा नसते, तिथे क्ष-किरणांचं यंत्र कोण बसवणार? कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये रत्ना नावाची जात आणली, नीलम आणि हापूसचा संकर, तिच्यात साका होत नाही. अप्पांनी हौसेने विहिरीकडे तिची चार कलमं लावली आहेत. पण ‘रत्ना आहे का?’ म्हणून फोन करणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचं आहे. लोकांना हापूसच हवा, आणि हापूसची खोड मात्र नको.

बाईंना यातलं काही ऐकवलं नाही. लिहिलं, ‘ताई, माफ करा. हा साका आहे, बाहेरून कळत नाही. बाकीचेही बघा, जितके खराब निघतील तितके बदलून देते.’ उत्तर आलं, ‘एकेक आंबा कापत बसायला मला वेळ नाही. घरी पाहुणे होते.’ पाहुणे होते म्हटल्यावर मी विरघळले. आमरसाचा बेत ठरवायचा, माणसं पानावर बसायची वेळ आणि स्वयंपाकघरात एकामागून एक आंबा साक्याचा निघतोय, त्या वेळी घरच्या बाईची काय अवस्था होते ते मी माहेरी पाहिलेलं आहे. म्हणून बदलून द्यायची भाषा सोडली आणि विचारलं, ‘सगळे पैसे परत पाठवू का?’ ‘पाठवा.’ पाठवले. दोन्ही डझनांचे, कुरिअरच्या खर्चासकट. उरलेले आंबे परत मागितले नाहीत. पिकलेले आंबे परत मागवून करायचं काय? फोटो आल्यापासून पैसे जाईपर्यंत तासही झाला नसेल. ‘मिळाले’ एवढा एक शब्द आला. मी समाधानाने झोपले.

आणि सकाळी तो अभिप्राय.

बाईंचा हिशेब नीट बघा. पैसे परत दिले, म्हणजे माल वाईट होता हे यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं, म्हणजे जाणूनबुजून पाठवला. जाणूनबुजून पाठवला, म्हणजे सगळ्यांनाच असा पाठवत असणार आणि जो ओरडेल त्याला पैसे देऊन गप्प करत असणार. एका यूपीआयच्या पावतीवरून आमच्या तीन पिढ्यांची लायकी ठरली. मी वाद घातला असता तर? आणखी फोटो मागितले असते, खोका उघडतानाचा व्हिडिओ मागितला असता, ‘आमच्या अटी बघा’ असं म्हटलं असतं, तर त्यांनी ‘वाद घालतात’ असं लिहून एकच तारा दिला असता. तो मी पचवला असता. वाद घालून मिळालेला एक तारा हा कमावलेला तारा. इथे तोंडातून एक वाकडा शब्द गेला नव्हता आणि तोच गुन्हा ठरला. रागाचं मूळ तिथे आहे. पैसे गेले त्याचं काही नाही, आंब्यात पैसे जातच असतात. मोहोरावर तुडतुडे पडले की एका आठवड्यात याच्या कितीतरी पट जातात आणि तुडतुड्यांवर कुणी रागावत बसत नाही.

मी उत्तर लिहायला बसले. आधी साक्याचं सगळं शास्त्र लिहिलं. वाचून पाहिलं तर शेतकी अधिकाऱ्याचं भाषण झालं होतं. ते खोडून ‘आम्ही पैसे परत केले ही आमची चूक झाली का?’ असं लिहिलं; त्यात रडका सूर लागत होता. मग नुसतं ‘धन्यवाद’. ते इतकं कुजकट वाटलं की मीच दचकले. फोन करून पाहिला. माझा एक समज आहे की तक्रार लिहून आली तरी उत्तर तोंडी द्यावं. बोलताना माणूस श्वास घेतो, मध्ये थांबतो, त्यात निम्मं भांडण विरतं. बाईंनी फोन उचलला नाही. उचलण्याचं कारणही नव्हतं म्हणा, त्यांचा व्यवहार पुरा झाला होता.

अप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “दलालाने आयुष्यभर लुबाडलं, पण रात्री साडेदहाला फोटो नाही हो धाडला कधी.” मग थोड्या वेळाने, “तू सगळे पैसे दिलेस कशाला? निम्मे द्यायचे. निम्मे दिले की माणूस भांडतो. भांडला की त्याला कळतं, समोर कुणीतरी आहे.”

“अप्पा, आता तसं चालत नाही. लोक दहा ठिकाणी लिहितात.”

“मग लिहिलंच की. सगळे देऊनही लिहिलं.”

यावर काय बोलणार?

ओळखीच्यांनी सल्ले दिले. सर्वांत लोकप्रिय सल्ला असा, की भाचे, पुतणे, मैत्रिणी यांना कामाला लावून भराभर पाच-पाच तारे टाकायचे, तो एक तारा खाली बुडून जातो. हे सर्रास चालतं. पण केंद्र सरकारच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने स्वतःच ग्राहक बनून अभिप्राय लिहायला मनाई आहे. मला हे कसं माहीत? एका गृहस्थांनी खोका अर्धा दिवस उशिरा पोचला म्हणून मला हेच नियम पाठवले होते: तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. शिवाय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर, ठळक अक्षरांत. धमकी म्हणून आलेला कागद मी अभ्यासाला घेतला. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, कसे तपासावेत याचं भारतीय मानक ब्यूरोचं एक मानकही २०२२ मध्ये आलं, तेही चाळलं. सगळा भर खोट्या अभिप्रायांवर. माझ्या बाईंचा अभिप्राय तर शब्दन्‌ शब्द खरा होता. तक्रार केली, खरं. लगेच पैसे परत केले, खरं. ‘यावरून काय ते समजून घ्या’ यात खोटं काय आहे? समजून घ्यायचं काम त्यांनी वाचणाऱ्यावर सोडलं होतं.

नवीन कुणी घरचा आंबा थेट विकायला निघालं असेल तर सांगते: आंबा हिरवा पोचणार आहे, पेंढ्यात ठेवायचा, फ्रिजमध्ये घालायचा नाही, हे पैसे आले त्याच दिवशी कळवा, खोका पोचल्यावर नको. नंतर सांगितलं की तीच माहिती सबब वाटते. ‘कच्चे आंबे पाठवलेत’ हा फोन अर्ध्याने कमी होतो. कार्बाइडचं विचारलं तर चिडू नका, ते कायद्याने बंद असलं तरी बाजारात काय चालतं ते लोकांना माहीत आहे. ‘देवगड की रत्नागिरी?’ या प्रश्नावर वाद घालू नका. हापूसचं भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना, पण हे ऐकून आजवर एकाही देवगडवाल्याचं समाधान झालेलं नाही. आणि रात्री नऊनंतर फोन बंद ठेवा. हे मी स्वतः करत नाही.

तर मूळ गोष्टीकडे. तो अभिप्राय पडल्यावर ऑर्डरी आटतील असं मी धरून चालले होते. झालं उलटंच. त्या बाईंच्याच भागातून, पुण्याच्या कर्वेनगरच्या आसपासहून, नवे फोन यायला लागले. एका काकांना सहज विचारलं, आमचं नाव कुणी सांगितलं? म्हणाले, “कुणी नाही, वाचलं. तुम्ही लगेच पैसे परत करता म्हणे. असं असेल तर मागवायला भीती कसली?” मी खुर्चीवरून उठून पडवीत गेले आणि अप्पांना हे सांगितलं. अप्पा खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. म्हणाले, “बघ, बाईने जाहिरात केली तुझी फुकटात.” मला त्या दिवशी त्या बाईंबद्दल जवळपास माया वाटली.

ती फार टिकली नाही. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत त्याच भागातून साक्याचे फोटोही वाढले. आता शेवटच्या आठवड्यांतल्या फळात साका जास्त निघतो हे खरं आहे. उन्हाळा कडक होता, हेही खरं. पण एका फोटोतला आंबा अप्पांनी चष्मा कपाळावर चढवून, फोन डोळ्यांपाशी नेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “हा आपला नव्हे.”

“कशावरून?”

“देठाकडे बघ. चीक सांडून साल भाजलीय. आपण लांब देठावर काढतो, चीक सांडू देत नाही. हा बाजारातला, कुणीतरी हिसडून काढलेला.”

मला फोटोत एक काळपट डाग तेवढा दिसत होता. तो चिकाचा, की फोनच्या दिव्याची सावली, हे मी सांगू शकत नाही. अप्पा सांगू शकतात. पण ‘आमचे सासरे देठ बघून म्हणतात की हा आंबा आमचा नाही’ हे कुठल्या तोंडाने लिहायचं? मी त्या माणसाला सगळे पैसे परत पाठवले. अप्पा दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले.

त्यावरून मी स्वतःशी बराच वाद घातला. त्या बाईंनी पैसे परत करण्याचा जो अर्थ लावला तो खोटा म्हणून मी इतकी पेटले होते, आणि इथे मीच पैसे देऊन एकाला गप्प करत होते. चांगुलपणा त्यात नव्हता. एक तारा पडू नये एवढंच डोक्यात होतं. म्हणजे बाई आमच्या आंब्याबद्दल चुकल्या, पण माझ्याबद्दल थोड्याशा बरोबर होत्या की काय? हे लिहितानाही मला पटत नाही. साका निघालेल्या माणसाला पैसे मिळायलाच हवेत, पुरावा न मागता मिळायला हवेत, यावर मी ठाम आहे. आणि देठाचा डाग मला अप्पांइतका ओळखता आला असता तर मी त्या दुसऱ्या माणसाला दमडी दिली नसती, यावरही ठाम आहे.

या वर्षी मी ऑर्डर घेतानाच लिहून टाकते: हापूसमध्ये साका निघू शकतो, बाहेरून ओळखता येत नाही, निघाला तर तेवढ्या फळांचे पैसे परत. तेवढ्या फळांचे. अप्पांना हे पसंत नाही. “दुकानदार आपल्या मालाची खोड दारावर लिहून ठेवतो का?” त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, कारण ते वाचून काहीजण परस्पर गळतात. परवा ठाण्याच्या एका बाईंनी कळवलं, ‘तुमचा प्रामाणिकपणा फार आवडला. या वेळी राहू द्या.’

अप्पांना इतकं हसू आलं की ठसका लागला. पाणी प्यायल्यावर म्हणाले, “तिला रत्ना विचार.”

मी विचारलं. साका नसतो, रंग छान, फळ मोठं, सगळं लिहिलं. त्यांनी विचारलं, ‘पण तो हापूसच ना?’

मी लिहिलं, ‘निम्मा हापूस, निम्मा नीलम.’

‘मग भावही निम्मा का?’