बर्फाचे बूट आणि काळी माती

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या मंडळींना 'बूट्स ऑफ द विंटरलँड्स' ठाऊक असतीलच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती बसून, फासे टाकून, बोलत बोलत खेळायचा हा खेळ 1974 साली अमेरिकेत निघाला. एक जण गोष्ट चालवतो (तो डन्जन मास्टर, आमच्याकडे हे लोढणं माझ्या गळ्यात आहे), बाकीचे त्यातली पात्रं होतात. हे बूट म्हणजे त्यातली एक जादुई वस्तू. 2014 च्या नियमांनुसार ते घातले की थंडीचा मार निम्मा लागतो, उणे 50 फॅरनहाइटपर्यंतचा गारठा सोसतो आणि बर्फामुळे अवघड झालेली जमीन तुमच्यापुरती सोपी होते.

अवघड जमिनीचा नियम एका ओळीचा. एक फूट पुढे जायला दोन फूट खर्च. एरवी तुमची चाल 30 फूट असेल तर इथे 15. कोड लिहायचा तर एक 'इफ' आणि दोनने गुणाकार, संपलं.

मागच्या महिन्यात आमच्या गोष्टीत हिमाच्छादित डोंगर आले. टेबलावर पाच जण, त्यातल्या चौघांनी बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलेला. पाचवा हनिमूनला मनालीला जाऊन आलाय, म्हणून तो तज्ज्ञ :) मी मन लावून वर्णन करत होतो, तेवढ्यात माझा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, बर्फ बुटाला चिकटतो का?"

"नाही रे, पाय आत जातो."

"मग त्यात काय अवघडंय?"

आम्ही दोघं परभणी जिल्ह्यातले. (हो, जगात जर्मनी, भारतात परभणी!) त्यामुळे प्रश्न मला लगेच कळला, पुण्याच्या पोरांना समजवावा लागला. भुसभुशीत बर्फात माणूस रुततो, कारण सगळं वजन तळपायाएवढ्या जागेवर येतं. उपाय म्हणून तिकडचे लोक पसरट, जाळीचं पायताण बांधतात. आमची काळी माती नेमकी उलटी. बेसाल्टपासून झालेली, चिकण. पाणी प्यायली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात तिच्यावर पायताण घालून चाला, दहा पावलांत प्रत्येक पायाला दोन-दोन किलोचा गोळा. तळ जितका मोठा तितका गोळा मोठा. म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात वहाणा पायात नाही, हातात असतात. अनवाणी पायाच्या बोटांमधून चिखल निसटतो तरी. तेव्हा ते विंटरलँड्सचे बूट आमच्या रानात आणले तर त्यांची जादू पहिल्या बांधापर्यंतही टिकायची नाही.

हा चुलतभाऊ 2004 च्या पावसाळ्यातला. काकूला कळा सुरू झाल्या तेव्हा दोन दिवस झड लागलेली होती. डांबरी रस्ता साडेतीन किलोमीटर लांब आणि बैलगाडी गावाबाहेरच आखापर्यंत रुतली. मग चौघांनी बाज उचलली, बाबा त्यांच्यातच. ('खांदा दिला' हे शब्द आजीने त्या दिवशी कुणाला तोंडातून काढू दिले नाहीत.) चौघंही अनवाणी. मी सात वर्षांचा, दारातून बघत होतो. माणसं वेशीपलीकडे जायलाच इतका वेळ लागला की मी मध्ये एकदा जेवून आलो.

त्या दिवशीचा हिशोब मी परवा मांडून पाहिला. खेळात साधी चाल तासाला 3 मैल, म्हणजे कोरड्या वाटेने पाऊण तास. अवघड जमिनीचा नियम लावला की दीड तास. प्रत्यक्षात लागले जवळजवळ तीन. गुणाकाराचा आकडा वाढवून हे जमत नाही. चिखलात पहिलं पाऊल आणि शंभरावं पाऊल सारखं नसतं, आणि ओझं असेल तर अजिबातच नसतं.

खरं तर जुना नियम याबाबतीत शहाणा होता. 2003 च्या आवृत्तीत हेच बूट बर्फावरून नेहमीच्या चालीने नेतात, मागे पाऊलखूणही उरत नाही. पण गुळगुळीत गोठलेल्या बर्फावर निम्मीच चाल, फक्त घसरायचं नाही. म्हणजे लिहिणाऱ्याने दोन प्रकारच्या बर्फांत फरक केला होता. नवीन नियमात सगळं सपाट. सुटसुटीत झालं, मान्य. मला जुनाच आवडतो.

आपल्याकडे जादूचं पायताण कुठे सापडतं का म्हणून शोधलं तर थेट कथासरित्सागर. त्यात मयासुराचे दोन मुलगे एक पात्र, एक काठी आणि पादुकांवरून भांडत असतात. पुत्रक त्यांना शर्यत लावायला सांगतो आणि ते पळताच पादुका घालून आकाशात उडतो. सोमदेवाने हे अकराव्या शतकात काश्मिरात लिहिलं, पण मूळ बृहत्कथेच्या गुणाढ्याचा संबंध परंपरा सातवाहनांच्या दरबाराशी, पैठणशी जोडते. पैठणहून गोदावरी खाली आमच्याच जिल्ह्यात येते. काळ्या मातीवरचा उपाय या भागात आधीच ठरला होता म्हणायचा, जमिनीला पाय लावायचाच नाही!

असो. आता आमच्या टेबलावर नवा नियम आहे. काळ्या रानात दर 30 फुटांना बुटाचं वजन वाढतं, आणि थांबून काठीने चिखल खरवडायला एक पाळी जाते. अनवाणी चाललात तर वजन वाढत नाही, पण काट्यासाठी फासा टाकायचा. पहिल्याच दिवशी चुलतभावाच्या चिलखतवाल्या सरदाराने काही न विचारता बूट काढून हातात घेतले. घोड्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. तो म्हणतो, बैल घ्या. मनालीवाला म्हणतो, याक. मतदान पुढच्या रविवारी.