चार बरण्या आणि एक हृदय



धाकटीला शाळेत इजिप्तच्या ममींवर प्रकल्प करायचा होता. तिनं माझ्याकडे लोणच्याच्या चार रिकाम्या बरण्या मागितल्या. "कशाला गं?" तर म्हणे, "यकृत, फुफ्फुसं, जठर आणि आतडी ठेवायला!" मी दचकलेच. मग बरण्यांना मातीची झाकणं करता करता मीही तिच्याबरोबर वाचत गेले.

तिथे राजघराण्यातलं किंवा श्रीमंत माणूस गेलं की डाव्या कुशीला छेद देऊन हे अवयव काढत, वाळवत आणि चार भांड्यांत जपून ठेवत. होरस देवाचे चार पुत्र त्यांचे राखणदार. यकृताच्या झाकणावर माणसाचं तोंड, फुफ्फुसांच्या बबून माकडाचं, जठराच्या कोल्ह्याचं, आतड्यांच्या ससाण्याचं. मेंदू मात्र नाकातून आकड्यानं काढून चक्क फेकून देत. मग देह सुमारे ४० दिवस नॅट्रॉनमध्ये, म्हणजे सोडा आणि मीठ मिसळलेल्या क्षारात, पुरून ठेवत. लेकीला म्हटलं, "कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसंच." पट्ट्या गुंडाळून सगळं संपायला ७० दिवस लागत. जिवाला हा देह पुन्हा लागणार, ही त्यांची श्रद्धा.

आपलं अगदी उलट. जीव तर केव्हाच पुढच्या गतीला गेलेला असतो, आणि मागे राहिलेल्या देहात अंतर्मुहूर्तात सूक्ष्म जीव उपजू लागतात. म्हणून दहनाला उशीर नको, असं आपण लहानपणापासून ऐकतो.

पण एका नोंदीपाशी माझा हात थांबला. डायोडोरस हा ग्रीक लेखक इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात इजिप्तला गेला होता. तो लिहितो, की छेद देणारा माणूस काम होताच पळत सुटे आणि जमलेली मंडळी शिव्याशाप देत त्याच्यावर दगड फेकत. कारण त्यानं आपल्या माणसाच्या देहाला जखम केली! बोलवायचंही त्यालाच आणि दगडही त्यालाच.

मला आमच्या सासूबाई गेल्या ती पहाट आठवली. नेत्रदानाचा फॉर्म त्यांनी स्वतःच भरलेला. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून फोन मी केला. पंखा बंद केला, डोक्याखाली उशी दिली, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला. अर्ध्या तासात सगळं आटोपलं, चेहऱ्यावर काहीसुद्धा कळत नव्हतं. पण आमच्या चुलत सासूबाई चारचौघींत म्हणाल्या, "सुनेनं आईला अपुरी पाठवली." तो दगड मला बरोबर लागला. तेव्हापासून दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

इजिप्तच्या लोकांनी एक अवयव मात्र जागेवरच ठेवला, हृदय. परलोकात ते तराजूत घालायचं, दुसऱ्या पारड्यात सत्याची देवी मात हिचं पीस. ४२ देवतांसमोर सांगायचं, की मी हत्या केली नाही, चोरी केली नाही, कुणाला रडवलं नाही. तरी भीती असायचीच. म्हणून छातीवर भुंग्याच्या आकाराचा ताईत ठेवत आणि त्यावर हृदयालाच विनवणी कोरत, की माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.

हे वाचून मी गप्प झाले. आईंचे डोळे दिले म्हणून त्यांचं काहीच उणं झालं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. रोज अशुचि भावना म्हणणारी बाई ती, जाताना दोन डोळे देऊन मोकळी झाली. जड झालं होतं ते माझं हृदय. आणि आपल्याकडे ताईत चालत नाही. बांधलेलं कर्म भोगून संपवायचं, नाहीतर क्षमेनं आणि तपानं झिजवायचं.

प्रकल्प झाला. झाकणं शाळेत राहिली, बरण्या घासून परत आल्या. त्यातली एक भरून लिंबाचं गोड लोणचं घातलं आणि काल चुलत सासूबाईंकडे घेऊन गेले. क्षमावाणीची वाट पाहिली नाही. "काकी, माझं चुकलं असेल तर क्षमा करा," म्हटलं. त्या बराच वेळ बरणीकडे बघत बसल्या. मग विचारलं, "तो फॉर्म कुठे मिळतो गं?"

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.