तिसऱ्या कोपऱ्याला काय मिळालं?

नोव्हेंबर २०२३. विश्वचषकाची अंतिम लढत हरून आठवडाही झाला नव्हता. दिवाळीला शेवगावला आलेलो मी घरूनच काम करत रेंगाळलो होतो. हार्दिक पांड्या गुजरात टायटन्स सोडून पुन्हा मुंबई इंडियन्सकडे येणार, अशी कुजबुज सुरू झाली आणि आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी आपापली नोकरी बाजूला ठेवली. हार्दिकचे १५ कोटी मुंबई आणणार कुठून, हा प्रश्न होता. मी एक्सेल उघडलं.

माझा प्रस्ताव सोपा होता. आदल्या वर्षीच्या लिलावात मुंबईने १७.५ कोटींना घेतलेला कॅमेरून ग्रीन बंगळुरूला द्यायचा. त्यातून मोकळ्या झालेल्या पैशांत हार्दिकला मुंबईत आणायचं. गुजरातला रोख रक्कम. तीन संघ, तीन बाण. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'आता काही वर्षं मुंबई कुणाला ऐकत नाही.'

आई शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होती. स्क्रीनवरचे बाण बघून म्हणाली, "हे काय, बदल्यांचं काढतोयस का?" मी समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुंबईला हार्दिक, बंगळुरूला तो दुसरा. गुजरातला काय?"

"पैसे."

"पैसे काय बॅट घेऊन उतरतात?"

मी हसलो, पण हे विचारायचा तिला अधिकार होता. मी पाहिलेला पहिला तिरंगी ट्रेड तिनेच जुळवलेला होता.

आई जिल्हा परिषदेची शिक्षिका. मी चौथीत असताना तिची बदली अकोले तालुक्यात, राजूरच्याही पुढच्या एका द्विशिक्षकी शाळेवर झाली. जिल्हा एकच, पण शेवगाव पूर्वेच्या टोकाला आणि अकोले पश्चिमेच्या. शनिवारी शाळा सुटली की ती निघायची. संगमनेर, श्रीरामपूर, नेवासा करत एसटी बदलत घरी पोचायला रात्र व्हायची. रविवारी दुपारी परत. पावसाळ्यात तिच्या पिशवीतल्या कपड्यांना ओल्याचा वास असायचा आणि इकडे आमचा जुलै कोरडा जात असायचा. अशी तीन वर्षं गेली.

सुटकेची वाट एकच होती, आपसी बदली. पण शेवगाव सोडून तिकडे जायला कोण तयार होणार? मग तिने तिसरा माणूस शोधला. शेवगाव तालुक्यातल्या एका गुरुजींना पारनेरला जायचं होतं आणि पारनेरच्या एका बाई अकोल्याला जायला 'हो' म्हणाल्या होत्या. आईने वहीत त्रिकोण काढला. मला तो फार आवडला होता. अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी बाईंचा निरोप आला, जमणार नाही.

वडील चिडले. आई म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? नातेवाइकांच्या शब्दाखातर हो म्हणाल्या होत्या. त्यांना त्यात काय मिळणार, हे आपण विचारलंच नाही."

पुढच्या वेळी तिने शोध उलटा केला. अकोल्याला कोण जाईल, असं विचारायचं सोडून अकोल्याचं कोण बाहेर अडकलंय, ते विचारत गेली. जामखेडला एक गुरुजी सापडले, मूळचे राजूरचे, म्हातारे आईवडील तिकडे. आणि शेवगाव तालुक्यात एक जामखेडचे निघाले. २००९ च्या मे महिन्यात तिघंही आपापल्या घरी गेले.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी मी अदलाबदल हा प्रकार क्रिकेटमध्येही पहिल्यांदा पाहिला. श्रीरामपूरचा झहीर खान बंगळुरूकडून मुंबईकडे आला आणि रॉबिन उथप्पा मुंबईकडून तिकडे गेला. आई ज्या स्टँडवर एसटी बदलायची, त्या गावचा माणूस. मला वाटलं, त्यालाही आपसी बदली मिळाली.

नोकरीला लागल्यावर रात्रपाळीत मला एनबीएचं वेड लागलं. तिथे दोन्ही बाजूंचे पगार साधारण जुळावे लागतात, म्हणून मध्ये तिसरा, चौथा संघ ओढावा लागतो. ऑगस्ट २००५ मध्ये पाच संघांनी मिळून १३ खेळाडूंची अदलाबदल केली. त्यात अँटवान वॉकर मायामी हीटकडे गेला आणि २००६ ला मायामी विजेतं झालं. मात्र २००७-०८ च्या हंगामात हेच मायामी ८२ पैकी फक्त १५ सामने जिंकलं. अदलाबदलीने अजिंक्यपद येऊ शकतं. ते टिकेल, याची हमी तिच्यात नसते.

मग टिकतं कशाने? मुंबईचंच बघा. २०१३ ते २०२० या काळात पाच विजेतेपदं. पोलार्ड २०१० पासून, रोहित २०११ पासून, बुमराह २०१३ पासून तिथेच. हार्दिकला २०१५ मध्ये अवघ्या १० लाखांत घेतलेलं. ही माणसं तिथेच वाढली. अदलाबदल फक्त भोकं बुजवायला. २०२० ची अंतिम लढत आठवा. समोर दिल्ली आणि तिच्याकडून आपला संगमनेरचा अजिंक्य रहाणे, राजस्थानकडून ट्रेड होऊन आलेला. तो २ धावांवर बाद झाला. गोलंदाज ट्रेंट बोल्ट, त्याच सुमारास दिल्लीने मुंबईला दिलेला. झेल क्विंटन डी कॉकचा, तोही बंगळुरूकडून ट्रेडमध्येच आलेला. दोन नेमके ठिगळ, पण कापड जुनं आणि घट्ट होतं.

माझ्या एक्सेलमध्ये कापड नव्हतंच, नुसती ठिगळं होती.

दोनच दिवसांत सगळं तसंच घडलं. हार्दिक मुंबईला, ग्रीन बंगळुरूला. ग्रुपवर मी दिवसभर राजा होतो. १५ डिसेंबरला मुंबईने रोहितला बाजूला करून हार्दिकला कर्णधार केलं, तेव्हा पहिल्यांदा पोटात काहीतरी हललं. आयपीएलमध्ये ज्याची अदलाबदल होते, त्या खेळाडूची संमती लागते. जो जागेवर राहतो, त्याच्या संमतीसाठी रकाना नसतो. माझ्या कोष्टकातही नव्हता. २०२४ च्या हंगामात वानखेडेवर आपल्याच लोकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. मुंबई १४ पैकी ४ सामने जिंकून दहाव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर. गुजरात आठव्या. एकटं बंगळुरू बाद फेरीत पोचलं.

आईला सांगितलं. 'मी म्हटलं होतं' असं काही ती म्हणाली नाही. राजूरच्या गुरुजींबद्दल बोलत बसली. "माझ्यासकट त्या शाळेवर आलेला प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून परतीची बस बघायचा. गुरुजींना कुठे जायचंच नव्हतं. पोरांना शिक्षक मिळाला तो तेव्हा. आपल्या त्रिकोणात ती पोरंही होती, मला नंतर कळलं."

मी अजूनही प्रस्ताव करतो. लिलाव जवळ आला की हात शिवशिवतात. फक्त आता कोष्टकात एक रकाना जास्त असतो, 'याला काय मिळतं?' तो भरता आला नाही, तर ग्रुपवर टाकत नाही. बहुतेक वेळा टाकत नाही.

आमच्या घरी दिवाळीनंतर राजूरहून इंद्रायणी तांदूळ येतो. इकडून बाजरी जाते. जामखेडच्या गुरुजींकडून ज्वारी येते आणि तांदळातला अर्धा त्यांच्याकडे जातो. २००९ पासून यातलं एकही वर्ष चुकलेलं नाही.