सौ., श्रीमती, गं. भा.

लग्नपत्रिकेत लग्न झालेल्या पुरुषाच्या नावाआधी जन्मभर 'श्री.' असतं, गेल्यावर 'कै.' होतं. बाईच्या नावाआधी मात्र नवरा आहे की नाही याची नोंद असते. असेल तर 'सौ.', नसेल तर 'श्रीमती', आणि घरातली म्हातारी विधवा असेल तर 'गं. भा.', म्हणजे गंगाभागीरथी. जयसिंगपुरात आमचा छोटा छापखाना आहे. लग्नसराईत मी दिवसभर याच अक्षरांत असते. जुन्या पत्रिकेची फाईल उघडायची, नावं बदलायची, प्रूफ काढायचं, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. यजमान होते तेव्हा मी फक्त टायपिंग बघायची. ते गेल्यावर कागद, शाई, उधारी, सगळंच माझ्याकडे आलं.

त्यानंतर दिरांच्या मुलीचं लग्न ठरलं. मजकूर दिरांनी स्वतः लिहून आणला. निमंत्रकांत वर सासूबाईंचं नाव होतं, खाली माझं, आणि दोघींच्या नावाआधी 'गं. भा.'. माझं नाव त्या यादीत यावं म्हणून त्यांना घरात भांडावं लागलं होतं, हे जाऊबाईंनी मला आधीच सांगितलं होतं. शुभकार्याच्या पत्रिकेत विधवेचं नाव कशाला, असं भावकीतल्या एका वडीलधाऱ्याचं म्हणणं होतं. वहिनींचं नाव नसेल तर पत्रिकाच छापायची नाही, असं दिरांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं.

अशा माणसाच्या मनात माझ्याविषयी मान होता की नव्हता, हा प्रश्नच येत नाही. तरीही कागदावर माझ्या नावाआधी ती दोन अक्षरं पाहिली आणि मला पुढचं टाइप करवेना. मी तेव्हा चाळिशीही ओलांडली नव्हती. गंगाभागीरथी म्हटलं की मला यजमानांची आजी दिसते. मोकळ्या कपाळाची, माजघराच्या दाराआड बसून नातवाच्या मंगलाष्टका नुसत्या ऐकणारी. ती बाई मला फार प्रिय होती. पण तिच्या जागेवर मला बसवलं जातंय, असं त्या क्षणी वाटलं.

मी म्हटलं, "भाऊजी, माझ्या नावाआधीचं हे काढूया का?"

ते गोंधळले. "वहिनी, मी मानानं लिहिलंय हो. नुसतं श्रीमती कोरडं वाटलं मला."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर तुम्हालाच सांगतेय."

"मग काय लिहायचं?"

"काही नको. नुसतं नाव."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, लोकांना वाटेल चूक राहिली. वाटू दे, असं मी म्हटलं आणि ती अक्षरं काढली. संध्याकाळी प्रूफ घरी नेलं तेव्हा मला वाटलं, सासूबाईंच्याही नावाआधीचं काढावं. त्यांना विचारलं तर त्या ताडकन म्हणाल्या, "माझं तसंच ऱ्हाऊ दे. लोकांनी मला काय काय म्हटलंय तुला म्हाईत न्हाई. हितं निदान देवाच्या नद्यांचं नाव लागलंय." तरुणपणी नवरा गेला, दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जाऊन त्यांनी मुलं वाढवली. गावानं त्यांना ज्या शब्दांनी हाक मारली ते त्यांनी त्या दिवशीही उच्चारले नाहीत. त्यांच्यासाठी 'गं. भा.' ही कष्टानं मिळवलेली गोष्ट होती. ती काढून घेण्याचा मला काही अधिकार नव्हता. पत्रिका तशीच छापली. एकाच यादीत, एकाखाली एक, दोन विधवा आणि दोन निराळे निर्णय.

शब्द लागला की समोरचा म्हणतो, माझ्या मनात तसं नव्हतं. बहुतेक वेळा ते खरंच असतं. दिरांच्या मनात नव्हतंच. पण त्यांचं मन त्यांच्याबद्दल सांगतं. त्यांच्यावर रागवायचं की नाही, पुढे त्यांच्याशी कसं वागायचं, हे मी त्यावरून ठरवते, आणि मी रागावले नाही. शब्द माझ्यावर कसा पडला हे मात्र त्यांच्या मनात डोकावून कळणार नाही. त्यासाठी मलाच विचारावं लागेल, आणि सासूबाईंबद्दल सासूबाईंनाच.

आमच्या भागात एक शब्द याहून जास्त चालतो. दोन जुने मित्र एसटी स्टँडवर भेटले की पहिली हाक असते, "ये रांडंच्या, हाईस कुठं?" आणि पाठीवर थाप. त्यात राग नसतो, उलट माया असते. हा शब्द ज्याला लावला त्याला तो लागत नाही, ज्यानं लावला त्याच्या मनात काही वाईट नाही. दोघांच्या बाजूनं पाहिलं तर वाद संपला. पण रांड म्हणजे विधवा. मित्राला मायेनं विधवेचा मुलगा म्हटलं जातं आणि विधवेचा मुलगा असणं ही शिवी आहे हे दोघांनी न बोलता धरून चाललेलं असतं. छापखान्यात हीच हाक पडते तेव्हा ती विधवा शेजारच्या टेबलावर पत्रिकांना गोंडे लावत बसलेली असते. तिचा मुलगा आत अभ्यास करत असतो. हेतू दोघांमधला असतो, आवाज सगळ्या खोलीत जातो. हेतूवर सगळं ठरवणाऱ्यांच्या हिशेबात ही तिसरी बाई कुठेच येत नाही, आणि माझा खरा आक्षेप इथं आहे.

आमचा मशीनमन कागदवाल्याला रोज अशीच हाक मारायचा. वर्षानुवर्षांचा माणूस, यजमानांच्या आजारपणात त्यानं रात्री जागवल्या. एक दिवस दोघं असताना मी त्याला सांगितलं की हा शब्द मला ऐकवत नाही, आणि का ते. तो माझ्याकडे बघतच राहिला. "वैनी, आईशप्पत, त्येचा ह्यो अर्थ माझ्या डोस्क्यातच नव्हता." माझा विश्वास बसला. त्याच्या जिभेवर तो शब्द नंतरही येतो, अर्ध्यावर अडतो, कधी निसटतोही. पण आता त्याला कळतं की निसटला. माझ्या दृष्टीनं फरक इथं पडतो. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या एकाला सांगितलं तर त्यानं हसून सगळ्यांसमोर मुद्दाम तोच शब्द पुन्हा वापरला, आणि वर "आमची भाषाच रांगडी" म्हणाला. शब्द तोच, गाव तेच. पहिल्यावर मी एका क्षणासाठीही रागावले नाही. दुसऱ्याला मी छापखान्यात येऊ देत नाही.

आमच्याकडे नोटिसा आणि अर्ज टाइप करून घ्यायला एक वकीलबाई येतात. त्यांच्याशी बोलताना मला समजलं की अब्रुनुकसानीच्या कलमातही नुसता हेतू बघत नाहीत. पूर्वी दंड संहितेचं ४९९ होतं, आता न्याय संहितेचं ३५६ आहे. बदनामी करायचा हेतू असेल तर गुन्हा आहेच, पण बदनामी होईल हे माहीत असेल, किंवा तसं मानायला कारण असेल, तरीही गुन्हा होतो. घरातल्या बोलण्याला कलम लावावं असं मी मुळीच म्हणत नाही. पण माहीत असणं आणि नसणं यातला भेद मला पटला. एकदा सांगितल्यावर 'मनात नव्हतं' ही सबब उरत नाही.

मे २०२२ मध्ये आमच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, हे बंद. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. ती बातमी मी छापखान्यात मोठ्यानं वाचून दाखवली होती. त्यानंतर वर्षाच्या आत, एप्रिल २०२३ मध्ये, त्यावेळचे महिला व बालविकासमंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा' या शब्दाऐवजी 'गं. भा.' वापरण्याबाबत प्रस्ताव करून चर्चा करावी, असं पत्र खात्याला दिलं. राज्यभरातून विरोध झाला. निर्णय झालेला नाही, हा फक्त चर्चेचा विषय आहे, असा खुलासा त्यांनी केला. त्यांनाही सन्मानच द्यायचा होता, हे मी मान्य करते. पण त्या आठवड्यात एक गिऱ्हाईक मला म्हणालं, "आता सरकारच म्हणतंय, घाला की गं. भा.", आणि माझ्या एका साध्या विनंतीला आता सरकारी उत्तर मिळणार, या विचारानं मी फार अस्वस्थ झाले. ज्यांना हे नाव लागणार त्यांना आधी विचारायला हवं होतं. माझ्या सासूबाई हो म्हणाल्या असत्या. मी नाही म्हटलं असतं.

पत्त्याचंही असंच. शाहू महाराजांनी वसवलेल्या आमच्या जयसिंगपुरात गल्ल्यांना नंबर आहेत, इथला पत्ता लिहिताना कुणाची जात लिहावी लागत नाही. आसपासच्या खेड्यांत मात्र वस्तीचं नाव म्हणजे जातीचं नाव. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं ही नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. एक मुलगा बहिणीच्या पत्रिकेत पत्ता बदलून घ्यायला आला तेव्हा सोबतचा शेजारी म्हणाला, "अरे, वाईट काय त्यात, सगळे तेच म्हणतात." मुलगा शांतपणे म्हणाला, "सगळे म्हणतात, ऱ्हातो आम्ही." मी नवीन नाव टाकलं.

लोक मला विचारतात, मग ज्याला जे लागेल ते सगळं वाईट ठरवायचं का? नाही. हे मला एका पत्रिकेनं शिकवलं. मुलीचे वडील नव्हते, आईनं एकटीनं वाढवलेलं, निमंत्रक म्हणून पहिलं नाव आईचं. प्रूफ बघायला काका आले आणि त्यांचा चेहरा उतरला. मी असताना विधवेचं नाव वर, हा माझा अपमान आहे, असं ते म्हणाले. त्यांना लागलं होतं हे खोटं नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं माणसाच्या. पण सासूबाईंचं म्हणणं, माझं म्हणणं, त्या मुलाचं म्हणणं होतं की आम्हाला कशी हाक मारायची ते आम्ही सांगू. काकांचं म्हणणं होतं की दुसरीला खाली ढकला. त्यांच्या नावाला कुणी काही लावलं नव्हतं, काही काढलंही नव्हतं. दुखणं दोन्हीकडे खरं असलं तरी दोन्हींची मागणी एक नव्हती. मी आईला फोन लावून दिला. ती म्हणाली, "आहे तसंच छापा." तसंच छापलं. काकांनी त्या पत्रिका वाटायला नकार दिला, त्या आईनं स्वतः घरोघर जाऊन दिल्या.

आता ऑर्डर घेताना मी यादीतल्या प्रत्येक बाईचं नाव वाचून विचारते, हिच्या नावाआधी काय लिहू. बहुतेक जण पटकन 'सौ.' सांगतात आणि त्या बायकांना ते आवडतंही, त्यात मी पडत नाही. एका विधवा शिक्षिकेनं 'प्राथमिक शिक्षिका' असं लिहून घेतलं. एकीनं 'श्रीमती' मागितलं. कितीतरी घरांत या प्रश्नाला उत्तरच नसतं, त्या बाईला कधी कुणी विचारलेलंच नसतं. मग पुरुषमंडळी दारात जाऊन फोन लावतात, कधी संध्याकाळी कळवतो म्हणतात. ऐन सिझनमध्ये यानं पत्रिका एक दिवस उशिरा जाते आणि गिऱ्हाईक कुरकुरतं. तो एक दिवस मी तारीख देतानाच धरून चालते.