गरी, गॉगल आणि मामा

गॉगल ही वस्तू आपल्याकडे डोळ्यांसाठी कमी आणि फोटोंसाठी जास्त घेतली जाते. लोणावळ्याला निघालो, घ्या गॉगल. गोव्याला निघालो, घ्या नवा गॉगल. चेहरा गोल की लांबट, फ्रेम काळी की ब्राउन, लोगो लांबून दिसतो की नाही, यावर अर्धा तास चर्चा. आणि काचेबद्दल? ‘डार्क आहे ना? मग झालं!’

माझं गॉगलपुराण थोडं वेगळं आहे. मी मासे गरवते. म्हणजे सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड लिहिते आणि जमेल त्या वीकएण्डला ताम्हिणी उतरून दापोली तालुक्यात मामाकडे पळते. हर्णैच्या बाजूला समुद्राला लागून काळ्या कातळाचे खडप आहेत. तिथे उभं राहून मी रॉड आणि रीलने खेळते आणि शेजारी मामा नुसत्या दोरीने. दोरी, शिसं आणि गरी, एवढंच त्याचं सामान. तांबोशी बहुतेक वेळा त्यालाच लागते, हे वेगळं सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, यात गॉगलचा काय संबंध? संबंध असा की, पाण्यात काय चाललंय ते दिसलं तर गरी कुठे टाकायची ते कळतं. आणि आपला समुद्र पश्चिमेला. दुपारनंतर सूर्य समोर येतो आणि पाण्यावर नुसती चांदी पसरते. त्या चमकेखाली मासा आहे, खडक आहे की शेवाळ, काही म्हणजे काही दिसत नाही. साधा काळा गॉगल लावला तर चमकही काळी होते आणि पाणीही. चित्र तेच, फक्त ब्राइटनेस कमी.

इथे पोलराइज्ड काच कामाला येते. मराठीत याला ध्रुवण म्हणतात. ध्रुवीकरण हा शब्द आपण निवडणुकीच्या बातम्यांत रोज ऐकतो, पण प्रकाशाचा फंडा त्याहून सोपा आहे. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या लहरी बहुतांशी आडव्या दिशेने थरथरतात. उभ्या गजांची खिडकी डोळ्यांपुढे आणा. काठी उभी धरली तर आत जाते, आडवी धरली तर अडकते. पोलराइज्ड काचेतली पातळ फिल्म म्हणजे असे उभे गज. आडवी चमक तिथे अडते आणि पाण्याच्या आतून येणारा प्रकाश पुष्कळसा आपल्यापर्यंत पोचतो. 1808 मध्ये एत्येन मालूस या फ्रेंच इंजिनिअरला पॅरिसमधल्या एका राजवाड्याच्या खिडकीवरून येणारा उन्हाचा कवडसा स्फटिकातून बघताना हा प्रकार लक्षात आला. पुढे 1929 मध्ये एडविन लँड या अमेरिकन पोराने विशीत असतानाच अशी फिल्म बनवण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यातूनच पुढे पोलरॉइड कंपनी उभी राहिली. झटपट फोटोंचा कॅमेरा नंतरचा, आधी आली ही फिल्म.

पण हे गज सगळीकडे सारखं काम करत नाहीत. पाण्यावरून येणारी चमक एका ठरावीक कोनात जवळजवळ पूर्ण कापली जाते. आपली नजर क्षितिजापासून साधारण 37 अंश खाली असते तेव्हा. म्हणजे डोळे पाण्यापासून दहा फूट उंचीवर असतील तर समोरचं तेरा-एक फुटांवरचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर दुपारी तीनच्या आसपास सूर्यही साधारण तेवढाच वर असतो, त्यामुळे तेव्हाची कमाल बघण्यासारखी. लांबचं पाणी मात्र चमकत राहतं. सूर्य अगदी बुडायला टेकला की तो चमचमता पट्टा कुठल्याही गॉगलने पुरता पुसला जात नाही. जाहिरातीत काहीही दाखवू देत!

मला विचाराल तर हेच बरं आहे. कारण खडपावर सगळ्यात जास्त बघायला लागतं ते पायापासून दहा-पंधरा फुटांवर. ओला कातळ कुठे, शेवाळ कुठे, कालवांची धार कुठे, भरतीचं पाणी कुठल्या घळीतून मागे येतंय. मासा निसटला तर पुढच्या भरतीला मिळेल. पाय निसटला तर अवघड आहे.

तर असा सगळा मजेचा मामला चालू होता. मग मागच्या दिवाळीत मी मामाचा डोळा नीट पाहिला.

उजव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यातून, गुलाबीसर मांसाचा एक त्रिकोण बुबुळाकडे सरकत होता. मामाच्या मते ते ‘असंच’ होतं. वाऱ्याने डोळे लाल होतात, रात्री चुरचुरतात, तेही ‘असंच’. मामी आणि मी त्याला जवळजवळ उचलूनच दापोलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाव सांगितलं, टेरिजियम. जन्मभर उन्हात, वाऱ्यात, पाण्याजवळ काम करणाऱ्यांत हे बरंच दिसतं आणि उन्हातले अतिनील, म्हणजे यूव्ही किरण हे त्याचं मोठं कारण मानतात. परदेशात याला सर्फर लोकांचा डोळा म्हणतात. आमच्याकडे सर्फर नाहीत, मामा आहेत. वाढून बाहुलीवर आलं तर नजर अडवतं. ऑपरेशन करता येतं, पण ते पुन्हा वाढूही शकतं. सध्या लहान आहे, तेव्हा नजर ठेवू. टोपी घाला आणि चांगला गॉगल वापरा, असा त्यांचा सल्ला.

‘‘गॉगल?’’ बाहेर आल्यावर मामा म्हणाला. ‘‘आमच्याकडं काळा चष्मा लावला की लोक विचारतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं?’’

आली का पंचाईत! मी तेव्हापर्यंत गॉगल घेतला होता तो मासे बघायला. आता प्रश्न होता डोळे वाचवण्याचा, आणि या दोन गोष्टी एकच नाहीत. दुकानात बहुतेकांचा गोंधळ होतो तो इथेच. पोलराइज्ड म्हणजे चमक कापणारा. यूव्ही अडवणं हे वेगळं काम. एका काचेत दोन्ही असू शकतं, पण एक आहे म्हणून दुसरं असेलच असं नाही. उलट नुसतीच काळी, यूव्ही न अडवणारी काच वाईट. अंधार झाला असं समजून बाहुली मोठी होते आणि ते किरण आणखी आरामात आत जातात.

पुण्यातल्या एका दुकानात काउंटरवरच्या मुलाने मला एक कार्ड दाखवलं. साध्या डोळ्यांनी कोरं, त्याच्या गॉगलमधून बघितलं की त्यात मासा! ‘‘मॅडम, बघा, फुल प्रोटेक्शन!’’ मासा छान होता. पण त्या कार्डाने एवढंच सिद्ध झालं की काच पोलराइज्ड आहे. ती टेस्ट तर आपली आपण करता येते. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनसमोर गॉगल धरून हळूहळू गोल फिरवा. कुठल्या तरी एका कोनात स्क्रीन काळाकुट्ट झाला पाहिजे. यूव्हीसाठी लेबलवर ‘यूव्ही 400’ लिहिलेलं हवं, म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. लेबलवर भरवसा नसेल तर चष्म्याच्या चांगल्या दुकानात एक छोटं मीटर असतं. काच त्यात धरली की मिनिटभरात निकाल.

तिसरी गोष्ट, काळेपणा. चांगल्या गॉगलवर 0 ते 4 अशी कॅटेगरी छापलेली असते. 3 म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशापैकी 8 ते 18 टक्के आत येतो. समुद्रावरच्या भर उन्हाला ती बरोबर. 2 मध्ये 18 ते 43 टक्के. 4 इतकी काळी की ती घालून गाडी चालवायची नसते. ‘जितका काळा तितका भारी’ हा आपला समज इथेच निकालात निघतो.

मग रंग. उघड्या समुद्रात, होडीवर, राखाडी काच मस्त. रंग आहेत तसे दिसतात. पण खाडीत, उथळ पाण्यात, खडपावर तांबूस किंवा ब्राउन काच सरस. तिच्यात गढूळ हिरव्या पाण्यातली सावली आणि तळ वेगळे उठून दिसतात. माझा राखाडी गॉगल मी मामाला दहा मिनिटं घालायला दिला होता. ‘‘तिन्हीसांज झाल्यासारखी वाटते गो,’’ म्हणून त्याने परत केला. तिथेच तांबूस ठरला. कारण साधं आहे. खिशात गेलेला गॉगल कितीही महागाचा असला तरी डोळ्यांच्या कामाचा नाही.

आणि काच कशाची? खऱ्या काचेवर ओरखडे लवकर पडत नाहीत, पण ती जड असते. मामा शिसं लावलेली दोरी डोक्याभोवती गरगर फिरवून सोडतो. माझी गरी खडकात अडकली आणि झटक्याने सुटली की सरळ तोंडाकडे येते. अशा जागी पॉलिकार्बोनेटच हवं. हलकं, सहजासहजी न फुटणारं, आणि जात्याच बहुतेक यूव्ही अडवणारं. ओरखडे पडतात, पण ते गॉगलवर पडलेले परवडले. फ्रेम गालाला लपेटून बसणारी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे कोरडी वाळू सुमारे 15 टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे 25 टक्के यूव्ही परत फेकतो. तो खालून आणि बाजूंनी येतो. नाजूक, छोट्या, फॅशनेबल फ्रेमच्या कडेने सगळा आत!

शेवटची टेस्ट मात्र मी प्रत्येक दुकानात केली आणि प्रत्येक दुकानदाराने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. गॉगल हातभर लांब धरायचा, काचेतून दाराची उभी चौकट बघायची आणि गॉगल हळूच इकडेतिकडे हलवायचा. चौकट लाटेसारखी वाकली की तो परत ठेवायचा. ओल्या कातळावर पुढचं पाऊल किती खोल आहे हे सांगणारी काच वाकडी असून चालेल का?

ब्रँडचं म्हणाल, तर परदेशात कोस्टासारख्या कंपन्या 1980 च्या दशकापासून खास पाण्यावरच्या लोकांसाठी गॉगल बनवतात आणि ते महागही असतात. रे-बॅनचे सगळेच पोलराइज्ड नसतात. असतील तर काचेवरच्या नावापुढे छोटा ‘पी’ असतो. डिकॅथलॉनमध्ये मासेमारीच्या विभागातच पोलराइज्ड गॉगल मिळतात, खिशाला झेपणारे. आणि माझ्यासारखा नंबरचा चष्मा असेल तर नंबरची पोलराइज्ड काच, क्लिप-ऑन किंवा चष्म्यावरून घालायचा मोठा गॉगल, हे तीन मार्ग आहेत. तिसरा दिसायला भयंकर. मी तोच वापरते. माशांना चालतो.

मामासाठी घेतला तो तांबूस, कॅटेगरी 3, यूव्ही 400, पॉलिकार्बोनेट, मागे गळ्यात अडकवायची दोरी. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘‘कितीला?’’

‘‘दोन किलो सुरमईचे पैसे.’’

‘‘मग सुरमईच आणायचीस.’’

आठवडाभर गॉगल खुंटीला. मामीने मग एक युक्ती केली. टोपीच्या आतच ठेवून दिला. टोपी उचलली की गॉगल हातात. माझ्या पुढच्या खेपेला मामा तो लावून खडपावर उभा होता. समोरच्या घळीत, फेसाच्या अलीकडे, बोई माशांचा थवा फिरत होता. मी उत्साहाने विचारलं, ‘‘दिसतायत ना?’’

‘‘हितं असतात ते मला म्हाईत होतं,’’ तो म्हणाला. ‘‘आता दिसले, एवढंच.’’

परवा डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. त्रिकोण आहे तिथेच आहे. गॉगलने तो मागे जाणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पुढे न सरकणं हीच कमाई. पुढची तपासणी सहा महिन्यांनी.

तेव्हा मंडळी, पुढच्या कोकण ट्रिपसाठी गॉगल घ्यायला जाल तेव्हा आरशाआधी लेबल बघा. घरी आल्यावर गोड्या पाण्याखाली धुवा, मिठाच्या कणांसकट पुसू नका आणि तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नका, आतली फिल्म सुटते. आणि किनाऱ्यावर तुमचं कोणी जन्मभर उन्हात उभं असेल, तर एक त्यांच्यासाठीही घ्या. नाही म्हणतीलच. टोपीत ठेवून द्या.