चोरलेली दोन वर्षं

वय लपवावं ते बायकांनीच, अशी थट्टा पुरुषमंडळी वर्षानुवर्षं करत आली आहेत. आपणही ती हसून सोडून देतो. पण मैत्रिणींनो, बायकांनी वय लपवल्यानं कुणाचं नुकसान झालेलं ऐकलंय का कधी? ज्या लपवाछपवीनं खरोखर नुकसान होतं, ती चालते तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या वयाची, आणि तीही फुटबॉलच्या मैदानावर. ती करणारे बहुतेक पुरुषच. पण त्यासाठी लागणारा कागद असतो तुमच्या-माझ्या कपाटात. म्हणून आज हा विषय तुमच्यापुढं मांडते आहे.

तुम्ही म्हणाल, फुटबॉलशी आमचा काय संबंध? आमच्या कोल्हापुरात असं म्हणून चालत नाही. इथं पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की घरातली पुरुषमाणसं आणि पोरं दुपारपासून गायब! २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांची विश्वचषक स्पर्धा आपल्या देशात झाली, तेव्हा कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. तेव्हापासून तर घरोघरी एक अनिकेत घडवायची स्वप्नं पडू लागली.

त्या स्पर्धेचा नियम अगदी साधा होता. १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेली मुलंच खेळणार. ३१ डिसेंबर १९९९ ला जन्मलेला मुलगा एका दिवसानं बाहेर! शाळांच्या सुब्रतो कपापासून गावातल्या छोट्या स्पर्धांपर्यंत सगळीकडं अशीच एक तारीख ठरलेली असते. आणि जिथं तारखेवर सगळं ठरतं, तिथं तारीख बदलायचा मोह होतोच.

तो मोह आमच्याही दारात आला. माझा धाकटा चौदाचा. पायात चेंडू छान खेळतो, पण अंगानं काटकुळा. एका संध्याकाळी त्याचे प्रशिक्षक घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "वहिनी, पोरगं गुणी आहे. पण त्याच्या वयाच्या पोरांपुढं टिकायचं नाही. दोन वर्षं कमी केली तर लहान गटात हिरो होईल बघा! दाखल्याचं मी बघतो. तुम्ही फक्त जुना कागद आत ठेवा."

आमचे हे जरा घुटमळले. "सगळेच करतात म्हणे," एवढंच बोलले. उत्तर दिलं ते सासूबाईंनी. त्यांची जन्मतारीख १ जून. आपल्या मागच्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं किती, हे तुम्हीही पाहिलं असेल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, घरात तारीख कुणालाच ठाऊक नसायची, मग मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. सासूबाई म्हणाल्या, "माझी तारीख मास्तरांनी लिवली, कारण कुणालाच ठावं नव्हती. ह्या पोराची तर घटका-पळं आपल्याला ठावी हायेत. मग खोटी कशापायी लिवायची?"

आम्ही नाही म्हटलं. त्या वर्षी धाकट्याचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही. लहान गटात जो मुलगा निवडला गेला, त्याला मिसरूड फुटलेलं होतं. धाकट्यानं मला विचारलं, "आई, खरं बोलून काय मिळालं गं?" मैत्रिणींनो, या प्रश्नाला 'सत्याचाच विजय होतो' असं उत्तर देऊन भागत नाही. मुलं हुशार असतात. मी त्याला एवढंच म्हटलं की, तुझी जागा तुझ्यामुळं गेली नाही, आणि दुसऱ्या कुणाची जागा तुझ्यामुळं गेली नाही.

पण त्या प्रश्नामुळं मी या विषयाचं जमेल तेवढं वाचलं. मेक्सिकोची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. १९८८ साली त्यांनी वीस वर्षांखालच्या मुलांच्या संघात वयानं मोठे खेळाडू घातले. उघडकीला कसं आलं? त्यांच्याच संघटनेनं छापलेल्या वार्षिकात त्या खेळाडूंची खरी वयं होती! फिफा या जागतिक संघटनेनं मेक्सिकोच्या सगळ्याच संघांवर दोन वर्षांची बंदी घातली. त्यामुळं १९९०चा विश्वचषक त्यांना खेळता आला नाही. ह्यूगो सांचेझ हा त्यांचा मोठा खेळाडू त्याच हंगामात स्पेनच्या लीगमध्ये ३८ गोल करून बसला होता. त्याचा काडीचा दोष नव्हता. तोही घरी बसला. पुढच्याच वर्षी, १९८९ला, नायजेरियावर अशाच कारणानं बंदी आली. लबाडी चौघांनी करायची आणि भोगायची सगळ्या देशानं!

आता तर नुसत्या कागदावर भागत नाही. मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीची एक कोवळी पट्टी असते. वय वाढतं तशी ती भरत जाते आणि शेवटी हाड सलग होतं. म्हणून डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून वयाचा अंदाज करतात. फिफानं २००९ सालच्या सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकापासून मनगटाचं एम.आर.आय. सुरू केलं. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा, हा अंदाजच असतो. निरोगी मुलाचं हाड त्याच्या खऱ्या वयाच्या वर्षभर पुढं किंवा मागं असू शकतं. लवकर वाढलेल्या प्रामाणिक मुलावरही उगाच संशय येऊ शकतो. अशा वेळी वेळेवर केलेली जन्मनोंद हाच त्याचा आधार असतो.

आणि समजा, लबाडी पचली, तरी मुलाला काय मिळतं? दोन वर्षांनी लहान पोरांना तो नुसत्या ताकदीनं ढकलून पुढं जातो. चेंडूवरचा ताबा, पास कधी द्यायचा याची समज, हे शिकायची गरजच पडत नाही. पुढं सगळे सारख्या उंचीचे झाले की हा मागं पडतो. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी राखीव जागा असतात, तिथं खेळाच्या प्रमाणपत्राची पडताळणी होते. त्यावर एक तारीख आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरी, असं निघालं तर काय सांगायचं?

ज्यांची मुलं काटकुळी आहेत, त्यांच्यासाठी एक दिलासा. गटाची तारीख बहुधा १ जानेवारी असते. म्हणजे डिसेंबरात जन्मलेला मुलगा जानेवारीत जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं लहान असूनही त्याच गटात खेळतो. निवडीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त दिसतात, हे अनेक देशांत आढळलं आहे. तेव्हा तुमचा मुलगा मागं असेल, तर आधी त्याचा जन्ममहिना बघा. कदाचित तो कमी नसेल, नुसता लहान असेल.

आता थोडं कामाचं. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नोंदीत बाळाचं नाव राहिलं असेल, तर ते वर्षभर फुकट आणि पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा कामांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर यांतली तारीख आणि नावाचं स्पेलिंग एकदा शेजारी ठेवून ताडून बघा. फरक असेल तर मुलगा शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या, शाळा सोडल्यावर फार अवघड जातं. स्पर्धेच्या अर्जावर सही करण्याआधी त्यावर लिहिलेली तारीख स्वतः वाचा. मूळ दाखला कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.

आणि कुणी घरी येऊन "थोडं खाली-वर करू" म्हणालंच, तर त्यांना चहा जरूर पाजा. कपाटाची किल्ली मात्र आपल्या कमरेलाच राहू द्या.